बटणांनी भरलेली मिनीव्हॅन आणि साधी जुनी गाडी: बिघाड नेमका कुठे लपतो

साध्या जुन्या गाडीत पॉवर विंडोचं बटण दाबलं की बॅटरीतला करंट फ्यूजमधून आणि बटणातून थेट मोटरीपर्यंत पोहोचतो. काच हलली नाही तर संशयित चारच: फ्यूज, बटण, मोटर आणि अर्थिंग. टेस्ट लॅम्प हातात घेतला की थोड्या वेळात चोर सापडतो. आजच्या मिनीव्हॅनमध्ये, म्हणजे सात-आठ जणांच्या, सरकत्या दरवाजांच्या घरगुती गाडीत, ते बटण मोटरीला करंट देतच नाही. 'काच खाली हवी आहे' एवढा निरोप ते जवळच्या छोट्या कंट्रोल युनिटला देतं. तो निरोप सगळ्या युनिटांच्या सामाईक लाइनवर जातो, दुसरं युनिट तो वाचतं, मागच्या काचांचं लॉक चालू आहे का, व्होल्टेज पुरेसा आहे का हे बघतं आणि मग मोटर फिरते. काच तीच, मोटरही जवळपास तीच. मधला कारभार मात्र पार बदललेला आहे.

म्हणूनच 'जुनं ते दणकट, नवं ते नाजूक' हा हिशेब फसवा आहे. नव्या मिनीव्हॅनचं इंजिन, पत्रा, स्पार्क प्लग हे सगळं जुन्यापेक्षा जास्त टिकतं. इरिडियमचे प्लग लाखभर किलोमीटर चालतात. जुन्या साध्या प्लगांना पंधरा-वीस हजारांतच हात लावावा लागायचा. फरक आहे तो बिघाडाच्या स्वभावात. जुनी गाडी हळूहळू झिजते आणि झिजताना आवाज करते, वास सोडते, तेल गाळते. नव्या गाडीला बऱ्याचदा कमी व्होल्टेज, ओलावा, मळ किंवा एखादी तुटलेली बारीक वायर आडवी येते, आणि आदल्या संध्याकाळपर्यंत त्याची काही चाहूल लागत नाही.

१९८३ च्या अखेरीस क्रायस्लरने अमेरिकेत डॉज कॅरव्हॅन आणि प्लिमथ व्हॉयेजर या मिनीव्हॅन आणल्या. १९८४ मध्ये युरोपात रेनो एस्पास आली. पहिल्या कॅरव्हॅनला एकच सरकता दरवाजा होता, तोही हाताने ओढायचा, आणि गाडीचं वजन दीड टनाच्या आत होतं. आजच्या मोठ्या मिनीव्हॅनमध्ये दोन्ही बाजूंना मोटरचे दरवाजे, मोटरची डिकी, मागच्या प्रवाशांसाठी वेगळा एसी, कॅमेरे, रडार, स्क्रीन हे सगळं आलं आणि रिकामी गाडीच दोन टनांच्या आसपास पोहोचली. हे वजन ब्रेक पॅड आणि टायर यांना रोज सोसावं लागतं. त्यात आठ माणसं म्हणजे साडेपाचशे-सहाशे किलो आणि वर सामान. गाडी किती भार उचलू शकते आणि त्यासाठी टायरमध्ये हवा किती हवी, हे ड्रायव्हरच्या दरवाजाजवळच्या पट्टीवर छापलेलं असतं. टायर बदलताना फक्त माप जुळवून चालत नाही, भाराचा आकडाही जुळायला हवा.

बॅटरी बसली की सगळं बिनसतं

नव्या मिनीव्हॅनबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती व्होल्टेजची. चांगली भरलेली १२ व्होल्टची बॅटरी गाडी बंद असताना १२.६ च्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली घसरायला नको. जुनी गाडी इथे फार सोशिक असते: सेल्फ कुथत फिरला, हेडलाइट मिणमिणले, तरी एकदा इंजिन सुरू झालं की विषय संपला. नव्या गाडीत तेवढ्या क्षणात काही युनिट बंद पडून पुन्हा चालू होतात, शेजारच्या युनिटांना त्यांचं उत्तर मिळत नाही आणि ती बिघाडाचे कोड नोंदवतात. मग मीटरवर एकाच वेळी ब्रेकचा, स्टिअरिंगचा, पार्किंग सेन्सरचा असे पाच-सहा दिवे लागतात. कोडच्या सुरुवातीला 'यू' अक्षर असेल तर त्याचा अर्थ युनिटांचं आपसातलं बोलणं तुटलं होतं एवढाच. असे ढीगभर कोड दिसले की एकही भाग बदलण्याआधी बॅटरी तपासा, तिची टर्मिनलं घासून घट्ट करा, इंजिन आणि बॉडीच्या मधली अर्थिंगची पट्टी बघा. बऱ्याच गाड्यांची 'भुतं' इथेच उतरतात.

दुसरा प्रश्न गाडी उभी असतानाचा. कुलूप लावून गेल्यावरही युनिटं पूर्ण झोपत नाहीत. चावीचा सिग्नल, अलार्म, दरवाजाची हँडलं यांच्यासाठी थोडा करंट जातच राहतो. ५० मिलिअँपिअरपर्यंत तो ठीक मानतात. या हिशेबाने दिवसाला १.२ अँपिअर-तास खर्च होतात, म्हणजे ६० अँपिअर-तासांची बॅटरी पंचवीस दिवसांत निम्मी. पण एखादं दरवाजाचं युनिट झोपलंच नाही आणि ०.४ अँपिअर ओढत राहिलं, तर तीच बॅटरी तीन दिवसांत निम्म्यावर येते. घड्याळापुरता करंट घेणारी जुनी गाडी दोन महिने उभी राहूनही सुरू होते ती याच कारणाने.

हा चोरटा करंट घरी मोजता येतो, पण घाई नको. बॉनेट उघडा आणि त्याचं लॉक स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद करा, म्हणजे गाडीला बॉनेट लावलेलं वाटेल. दरवाजे लॉक करून चावी गाडीपासून लांब ठेवा. खिशातली चावी जवळ असेल तर गाडी जागीच राहते. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून केबल आणि टर्मिनल यांच्यामध्ये मल्टिमीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर जोडा. सुरुवातीला काही अँपिअर दिसतील, घाबरू नका. अर्धा ते एक तास थांबा. आकडा ५० मिलिअँपिअरच्या खाली आला नाही तर कुठलं तरी सर्किट जागं आहे. आता फ्यूज एकेक उपटून बघायचा मोह होतो, पण फ्यूज परत बसवताना झोपलेली युनिटं जागी होतात आणि सगळा वेळ वाया जातो. त्यापेक्षा मीटर मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक फ्यूजच्या माथ्यावरच्या दोन उघड्या टोकांना टेकवा. ज्या फ्यूजवर शून्याऐवजी काही आकडा दिसतो त्यातून करंट वाहतो आहे. मीटर केबलच्या मध्ये असताना इग्निशन चालू करू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

नवी बॅटरी घेतानाही जुनी सवय सोडावी लागते. सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाडीत एजीएम किंवा ईएफबी जातीचीच बॅटरी हवी. साधी बॅटरी त्या ताणाने लवकर मरते. अनेक गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर असतो आणि नवी बॅटरी बसवल्याची नोंद स्कॅनरने, म्हणजे गाडीचे कोड वाचणाऱ्या यंत्राने, करावी लागते. चार्जर लावताना काळा चिमटा टर्मिनलवर न लावता बॉडीच्या ठरलेल्या अर्थिंग बोल्टवर लावा, नाहीतर आत गेलेला चार्ज सेन्सरच्या हिशेबात येत नाही.

सरकता दरवाजा

मोटरचा दरवाजा ही मिनीव्हॅनची सगळ्यांत लाडकी सोय आणि सगळ्यांत जास्त दुखणारी जागा. दरवाजा वरच्या, मधल्या आणि खालच्या अशा तीन रोलरांवर तोललेला असतो. मोटर एका ड्रमवर पोलादी केबल गुंडाळते आणि दरवाजा ओढते; शेवटचं थोडं अंतर वेगळी छोटी मोटर लॅच खेचून घट्ट बसवते. कुणाचं बोट अडकू नये म्हणून कंट्रोल युनिट मोटरीचा वेग आणि करंट सतत बघत असतं. करंट अचानक चढला की ते अडथळा आहे असं समजून दरवाजा उलटा फिरवतं.

नेमकी गोम इथे आहे. खालच्या खाचेत वाळू, खडे, केस आणि मुलांनी सांडलेल्या खाऊचा चुरा साठतो. रोलर त्यावरून जाताना मोटरीला जोर लागतो, करंट चढतो आणि युनिटला वाटतं की हात अडकला. दरवाजा अर्ध्यावरून परत उघडतो, माणूस मोटर खराब झाली असं धरून चालतो आणि प्रत्यक्षात ब्रश आणि ओल्या फडक्याचं काम असतं. तपासायची रीत सोपी आहे. पॉवर दरवाजांचा मुख्य स्विच बंद करा आणि दरवाजा हाताने सरकवा. ठरावीक जागी धक्का बसत असेल तर रोलर सपाट झालाय किंवा खाच वाकलीय. सगळीकडेच जड जात असेल तर मळ, किंवा रोलरचं बेअरिंग कोरडं. हाताने लोण्यासारखा जातो पण मोटर हार मानते, तेव्हा व्होल्टेज, केबल किंवा वायरिंगकडे वळा. मोटरीचा आवाज येतो आणि दरवाजा जागचा हलत नाही, तर केबल सुटली आहे. केबलचे तंतू उसवलेले दिसले तर ती तुटायची वाट बघू नका. तुटलेले तंतू ड्रममध्ये अडकले की अख्खं युनिट काढावं लागतं.

ग्रीस लावताना हात आवरा. पांढरं लिथियम ग्रीस थोडंसं रोलरच्या आसाला लावायचं, खाचेत फासायचं नाही. चिकट खाच धूळ धरते आणि महिन्याभरात घासकागद बनते.

दरवाजाच्या वायरी एका लवचीक नळीतून जातात आणि प्रत्येक उघडझापीला वाकतात. काही वर्षांनी आतलं तांबं तुटतं, वरचं प्लास्टिक मात्र शाबूत दिसतं. लक्षण ठरलेलं: दरवाजा एका विशिष्ट जागी आला की लॉक, काच किंवा इशारा देणारी बीप चालते, थोडा पुढे गेला की सगळं बंद. अशी वायर वाकणाऱ्या जागीच सोल्डर केली तर ती थोड्याच दिवसांत पुन्हा तुटते, कारण सोल्डर ताठ असतं. पूर्ण वायरिंग बदला, किंवा जोड वाकण्याच्या भागापासून लांब घ्या. बॅटरी काढून परत लावल्यावर दरवाजा मोटरवर चालेनासा झाला तर बहुधा बिघाड नसतो, तो आपली जागा विसरलेला असतो. हाताने एकदा पूर्ण बंद आणि पूर्ण उघडा करून बघा. तरी नाही झालं तर पुस्तिकेत दिलेली क्रिया करा. आणि बऱ्याच मिनीव्हॅनमध्ये पेट्रोलचं झाकण उघडं असताना त्या बाजूचा दरवाजा मुद्दामच पूर्ण उघडत नाही.

पाणी, काच आणि मागचा एसी

सनरूफच्या चौकटीत येणारं पाणी चार बारीक नळ्यांतून खाली जातं. पानं आणि धुळीने नळी तुंबली की पाणी खांबातून आत उतरतं आणि गालिच्याखालच्या फोममध्ये मुरतं. जुन्या गाडीत यामुळे वास यायचा, फार तर पत्रा गंजायचा. नव्या गाडीत त्याच जागी, सीटखाली, कनेक्टर आणि युनिटं बसवलेली असतात. ओलाव्याने पिना हिरव्या पडतात आणि पाऊस थांबून आठवडा झाला तरी गाडी विचित्र वागत राहते. पावसाळ्याआधी प्रत्येक नळीत पेलाभर पाणी हळू ओतून ते गाडीखाली पडतंय का बघा. जोराची हवा मारू नका, नळी आतल्या जोडातून निसटते.

पुढच्या काचेमागचा कॅमेरा लेनच्या रेघा आणि पुढची वाहनं बघतो. काच बदलली, बंपर निघाला, सस्पेन्शनचं मोठं काम झालं की कॅमेरा किंवा रडार पुन्हा जुळवावं लागतं. कॅमेरा फक्त एक अंश तिरका बसला तरी १०० मीटरवर त्याची नजर पावणेदोन मीटर बाजूला जाते, म्हणजे जवळपास अर्धी लेन. जुळवणीसाठी सपाट जमीन, बरोबर हवा असलेले टायर, झालेलं व्हील अलाइनमेंट आणि ठरलेल्या अंतरावर ठेवलेले फलक लागतात. काही गाड्यांत त्याशिवाय किंवा त्याऐवजी स्वच्छ रेघांच्या रस्त्यावर ठरावीक वेगाने चालवून ती पूर्ण होते. काच बसवणाऱ्याने 'दिवा लागला नाही, म्हणजे ठीक आहे' असं सांगितलं तर समाधान मानू नका, जुळवणीचा छापील अहवाल मागा.

मागच्या एसीसाठी गॅसचे पाइप गाडीखालून शेवटपर्यंत जातात आणि गळती बहुतेक तिथेच, चिखल-पाणी उडतं तिथे होते. गॅस दाबाच्या अंदाजाने न भरता वजनाने भरायचा. वजन बॉनेटखालच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. पुढे-मागे दोन कूलिंग कॉइल असलेल्या गाडीत ते एका कॉइलच्या गाडीपेक्षा बरंच जास्त असतं.

हँडब्रेकचंही एक सांगायला हवं. बटणाच्या हँडब्रेकमध्ये मागच्या कॅलिपरवर मोटर असते. पॅड बदलताना स्कॅनरने किंवा पुस्तिकेतल्या पद्धतीने ती सर्व्हिस मोडमध्ये मागे घ्यावी लागते. सी-क्लॅम्पने पिस्टन जबरदस्तीने दाबला तर आतला स्क्रू किंवा गिअर मोडतो आणि पॅडच्या कामात कॅलिपर जातो.

साधेपणाचीही किंमत असते

जुन्या गाडीची बाजू घेणारे एक गोष्ट सांगायची राहून जातात: ती साधी असते, पण सतत हात मागते. पॉइंटच्या, म्हणजे उघडझाप करणाऱ्या संपर्कांनी ठिणगी पाडणाऱ्या, इग्निशनमध्ये पॉइंटांची फट साधारण ०.४ मिलिमीटर ठेवावी लागते आणि ती झिजून कमी झाली की टायमिंगही सरकतं. टॅपेट सेटिंग, कार्बोरेटरची ट्यूनिंग, चोकची केबल, निपलांना ग्रीस, पाच हजारांच्या आसपास ऑइल, हे सगळं वेळच्या वेळी झालं तरच गाडी इमानी राहते. फार दिवस उभी राहिली की कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून जातं आणि मागे राहिलेला चिकट थर जेटची बारीक भोकं बुजवतो. मग गाडी फक्त चोक ओढल्यावर चालते. जुने रबरी पाइप इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने फुगतात किंवा तडकतात. गरम इंजिनजवळचा असा पाइप म्हणजे आगीला निमंत्रण. कार्बोरेटरची गाडी घेतल्यावर पेट्रोलचे सगळे रबरी पाइप एकदा नवे, इथेनॉल सोसणारे घालावेत.

या मेहनतीचा मोबदला असा की दोष दिसतो, ऐकू येतो आणि साध्या पान्यांनी सुटतो. वीस वर्षांनंतरही पॉइंट, पंप, बेअरिंग असले सुटे भाग कुणी ना कुणी बनवत असतं. विशिष्ट मॉडेलचं कंट्रोल युनिट मात्र एकदा बनायचं थांबलं की दुसऱ्या गाडीतून काढलेलं थेट चालतही नाही, कारण बरीच युनिटं गाडीच्या क्रमांकाशी बांधलेली असतात.

एका बाबतीत मात्र आमचं मत ठाम आहे. सुरक्षिततेत जुनी गाडी स्पर्धेतच नाही. २००९ मध्ये अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने १९५९ ची शेवरोले बेल एअर आणि २००९ ची शेवरोले मालिबू समोरासमोर अर्धवट धडकवली, दोन्ही ताशी ६४ किलोमीटर वेगाने. जाड पत्र्याच्या बेल एअरचा ड्रायव्हरचा कप्पा चेपून गेला. मालिबूचा शाबूत राहिला. पत्र्याची जाडी माणसाला वाचवत नाही, ठरवून चुरगळणारा पुढचा भाग आणि न चुरगळणारा कप्पा वाचवतो. त्यावर पडदा एअरबॅग, घसरती गाडी सावरणारं ईएससी, स्वतः ब्रेक लावणारी यंत्रणा. यातलं जवळजवळ काहीच जुन्या गाडीत मागाहून बसवता येत नाही.

म्हणून नव्या गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्सचे दोन हिशेब वेगळे ठेवायला हवेत. जीव वाचवणारं इलेक्ट्रॉनिक्स कितीही कटकटीचं असलं तरी घ्यावं. सोयीचं इलेक्ट्रॉनिक्स, म्हणजे मोटरवर दुमडणारी तिसरी रांग, पायाच्या इशाऱ्याने उघडणारी डिकी, प्रत्येक सीटमागे स्क्रीन, हे खरोखर रोज लागणार असेल तरच. लहान मुलं आणि वृद्ध रोज चढत-उतरत असतील तर मोटरचा दरवाजा सोन्याचा आहे. महिन्यातून दोनदा मागची सीट वापरणाऱ्याला मधल्या श्रेणीचं मॉडेल आणि हाताचा दरवाजा जास्त सुख देईल.

ज्यांना साधेपणाही हवा आणि एअरबॅगही, त्यांच्यासाठी मधली पिढी आहे: साधारण १९९६ ते २०१० च्या गाड्या. इंजेक्शनचं इंजिन, कोड वाचायला ओबीडी सॉकेट, एबीएस, उत्तरार्धात ईएससी, आणि स्क्रीन फारसे नाहीत. फक्त या काळातल्या कोट्यवधी गाड्यांत ताकाता कंपनीचे इन्फ्लेटर, म्हणजे एअरबॅग फुगवणारे भाग, होते. उष्णता आणि दमटपणाने त्यातलं अमोनियम नायट्रेट बिघडतं आणि एअरबॅग फुटताना धातूचे तुकडे उडू शकतात. गाडीच्या व्हीआयएन, म्हणजे ओळख क्रमांकावरून रिकॉल (सदोष भाग बदलून घेण्यासाठी कंपनीचं बोलावणं) शिल्लक आहे का ते आधी बघा आणि असेल तर बदली होईपर्यंत गाडी घेऊ नका.

वापरलेली गाडी बघायला जाताना

इंजिन थंड असतानाच जा. मिनीव्हॅन असेल तर स्कॅनर लावून कोडसोबत 'रेडीनेस', म्हणजे गाडीने स्वतःचे तपास पूर्ण केलेत का, ते बघा. कोड एकही नाही, पण बरेच तपास 'अपूर्ण' दिसत असतील, तर बॅटरी काढून किंवा स्कॅनरने कोड नुकतेच पुसलेत असं समजा आणि काही दिवस चालवून झाल्यावर पुन्हा बघायला या. दोन्ही सरकते दरवाजे सलग चार-पाच वेळा बटणाने आणि मग हाताने चालवा. पुढच्या सीटखालच्या गालिच्यात बोटं खुपसून ओल तपासा. मागचा एसी पुढच्याइतकाच थंड लागतो का ते तिसऱ्या रांगेत बसून बघा. पुढची काच बाकीच्या काचांपेक्षा वेगळ्या कंपनीची असेल तर कॅमेऱ्याच्या जुळवणीचा कागद मागा. हायब्रीड असेल आणि तिची मोठी बॅटरी केबिनच्या हवेने थंड होत असेल, तर हवा ओढणारी जाळी शोधून केस-धूळ काढून घ्या. ती तुंबली की बॅटरी तापते आणि तिचं आयुष्य घटतं. चाव्या दोन आहेत का विचारा. एकही चालती चावी उरली नाही तर नवी चावी गाडीला ओळखवणं हे मोठं काम होऊन बसतं. जुन्या गाडीची चावी कुणीही चावीवाला कापून देतो.

जुनी गाडी असेल तर स्कॅनरऐवजी टॉर्च आणि छोटा लोहचुंबक न्या. दरवाजाखालचे पट्टे, तळाचा पत्रा आणि पुढच्या शॉकअॅब्सॉर्बरचे माथे नीट बघा. चुंबक धरत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. इंजिन पुन्हा बांधता येतं, पण हे तीन भाग गंजले असतील तर सौदा सोडून द्या. टायरवर सुरळीत नक्षी दिसली तरी बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. कमी चाललेल्या जुन्या गाडीचे टायर झिजण्याआधी वयानेच कडक होतात, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताना पहिली पकड तेच सोडतात.